बिघाड नेमका कोठे?

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. सोलापूरला अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका माध्यमिक शाळेतून आम्हांला निरोप आला, "संगणक कक्ष बंद पडलाय. जमलं तर येऊन बघून जा." आम्ही म्हणजे विज्ञान शिकवणारे आणि सुटीच्या दिवशी शाळाशाळांतून प्रयोग करून दाखवत हिंडणारे तिघे शिक्षक. आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नव्हे, हे आधीच सांगून टाकले आणि गेलो.

कक्षाला कुलूप होते. ते उघडून आत गेलो. दहा संगणक आणि कोपऱ्यात भिंतीवर तीन लहान पेट्या. पहिली मोडेमची. बाहेरून आलेली तार तीत शिरते आणि तारेतल्या संदेशाचे संगणकाला कळेल असे रूपांतर तेथे होते. दुसरी राउटरची. बाहेरून आलेला एकच जोड ती घरातल्या किंवा शाळेतल्या अनेक यंत्रांना वाटून देते आणि कोणाचा निरोप कोणाला द्यायचा याचा हिशेब ठेवते. तिसरी पेटी स्विचची. तिला सोळा भोके आणि त्यांतून दहा संगणकांकडे गेलेल्या दहा केबली. तिन्ही पेट्यांवर दिवे होते. संगणकही नीट सुरू होत होते. पण एकाही संगणकावर इंटरनेटचे एकही पान उघडत नव्हते. आणखी एक गोष्ट आम्ही पाहिली, पण तेव्हा तिचा अर्थ लागला नाही. स्विचवरचे सगळे दिवे एकाच वेळी, अतिशय भराभर लुकलुकत होते.

जोड देणाऱ्या कंपनीचा माणूस दूरध्वनीवर म्हणाला, "आमच्याकडून लाइन चालू आहे." संगणक पुरवणारा म्हणाला, "यंत्रं ठणठणीत आहेत, लाइनच गेली असेल." दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. शाळेने मात्र तिसराच निष्कर्ष काढला होता. शुक्रवारी शेवटच्या तासाला नववीच्या मुली कक्षात होत्या. त्यांनीच काहीतरी केले असणार! म्हणून नववीला बंदी आणि कक्षाला कुलूप.

या शाळेकडे आपण शेवटी परत येऊ. त्याआधी थोडे मागे जाऊ या. लांबवर पसरलेल्या तारेत बिघाड झाला, तर तो कोठे झाला हे जागेवरून न हलता कसे ओळखायचे? हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. तो सोडवताना माणसाला केवळ बिघाड सापडले नाहीत. आज आपण वर्गात शिकवतो त्या विजेच्या धड्यातला बराच भाग त्यातूनच आला आहे.

धागा तुटला की थांबणारा माग

सोलापूरकरांना या प्रश्नाची ओळख विजेच्याही आधी, सुतामुळे झालेली आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिला पुढे सगळे 'जुनी मिल' म्हणू लागले. यंत्रमागावर धोटा मिनिटाला शेकडो वेळा इकडून तिकडे जातो. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा मध्येच तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर कापडाला पट्टा पडतो. विणकराने डोळ्यांत तेल घालून पाहत राहावे, हा एक उपाय. पण एका माणसाने किती मागांवर लक्ष ठेवायचे?

१८४० च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात यावर एक साधा उपाय प्रचारात आला. मागाच्या कडेला एक लहानसा हलका काटा बसवतात. धोटा गेला की ताणलेला धागा या काट्याला ढकलतो. धागा नसेल तर काटा ढकलला जात नाही, त्याचा आकडा दुसऱ्या एका भागात अडकतो आणि माग थांबतो. येथे धागा तुटल्याची बातमी कोणी देत नाही. ठरलेल्या वेळी यायची ती खूण आली नाही, हीच बातमी.

ही कल्पना लक्षात ठेवू या. मोडेमवरचा हिरवा दिवा विझतो तेव्हा आत हेच घडते. पलीकडून ठरावीक वेळाने यायची खूण आलेली नसते.

रुळांच्या कडेचे खांब

१८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ सोलापुरात पोहोचले. पुढे १८७१ साली रायचूरजवळ हा मार्ग मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाला आणि मुंबई-मद्रास रस्त्यावरचे सोलापूर हे महत्त्वाचे ठाणे झाले. एकाच रुळावरून दोन्ही बाजूंनी गाड्या सोडायच्या, तर पुढच्या स्टेशनाशी बोलता आले पाहिजे. म्हणून रुळांच्या कडेने तारेचे खांब आले.

हिंदुस्थानात तारायंत्र आणले ते विल्यम ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकवत असे. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. ओशॉनेसीने सुरुवातीला बारीक तारेऐवजी चांगली जाड लोखंडी सळई वापरली. कारण तिच्यावर माकडे लोंबकळणार, मोठे पक्षी बसणार, वादळात फांद्या पडणार! सळई सहसा तुटत नसे. पण पावसाळा आला की निराळीच अडचण उभी राही. तार अखंड असे, तरी निरोप पोहोचत नसे. ओल्या खांबांवाटे थोडाथोडा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपून जाई आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत फारच थोडा उरे.

म्हणजे बिघाड दोन प्रकारचे झाले. तार तुटणे हा एक आणि तार गळणे हा दुसरा. तुटलेली तार लाइनमनला चालत जाऊन दिसते. गळणारी तार मात्र खांबाखालून गेले तरी दिसत नाही.

यावर तारमास्तरांची पहिली युक्ती सोपी होती. मधल्या स्टेशनाला सांगायचे, "तुमच्याकडे तार तोडून आमच्या बाजूचे टोक जमिनीला जोडा." आता निरोप तेथपर्यंत नीट जात असेल तर बिघाड पलीकडच्या भागात, नसेल तर अलीकडच्या. मग त्या भागाचे पुन्हा दोन तुकडे. सोळा स्टेशनांमधला बिघडलेला टप्पा अशा रीतीने चार चाचण्यांत सापडतो. एकेक स्टेशन तपासत गेले तर पंधरा चाचण्याही लागू शकतात. मनात धरलेली १ ते १०० मधली संख्या सात प्रश्नांत ओळखण्याचा खेळ आपण मुलांशी खेळतो, त्याचेच हे मोठे रूप.

समुद्राच्या तळाशी

पण तार समुद्राखाली असेल तर? तेथे मधले स्टेशन नाही आणि लाइनमनही नाही.

१८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराखालून युरोप आणि अमेरिका यांना जोडणारी केबल सुरू झाली. साधारण तीन आठवड्यांत ती मुकी झाली. निरोप क्षीण येऊ लागले, तेव्हा कंपनीचा विद्युत अधिकारी व्हाइटहाउस याने जोर वाढवण्यासाठी सुमारे दोन हजार व्होल्ट दाब लावला. आधीच दुबळे असलेले आवरण त्यामुळे आणखी फाटले. बिघाड कोठे आणि कशाचा आहे हे न मोजता केलेला तो उपाय होता. पुढच्या दोन वर्षांत सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत टाकलेली तांबड्या समुद्राची केबलही अशीच वाया गेली. ती तर हिंदुस्थानासाठीच होती. सरकारने भागधारकांना हमी दिलेली असल्यामुळे निकामी झालेल्या केबलीपायी सरकार वर्षानुवर्षे पैसे भरत राहिले.

या दोन आपटींनंतर चौकशी झाली. तीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. केबलीचे काम करणाऱ्यांना रोध मोजता येत होता, पण सगळ्यांचे माप एक नव्हते. एकजण अमुक मैल तांब्याच्या तारेइतका रोध म्हणे, तर दुसरा निराळ्याच तारेचा हिशेब सांगे. मग कारखान्यातले मोजमाप आणि जहाजावरचे मोजमाप यांची तुलना कशी करायची? १८६१ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या आग्रहावरून ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली. या कामातूनच 'ओहम' हे एकक घडत गेले आणि १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत ते आंतरराष्ट्रीय झाले. आपण फळ्यावर ओहमचा नियम लिहितो, तेव्हा त्या एककामागे समुद्रतळाशी मुक्या झालेल्या केबली आहेत, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

आता रोध मोजून बिघाडाची जागा कशी काढायची ते पाहू. सोलापूरहून ४० किलोमीटरवरच्या एका स्टेशनाकडे दोन सारख्या तारा गेल्या आहेत असे समजा. एक चांगली आहे, दुसरी कोठेतरी जमिनीत गळते आहे. पलीकडच्या मास्तराला एवढेच सांगायचे की दोन्ही तारांची टोके एकमेकांना जोड. आता सोलापुरात आपल्या हातात ८० किलोमीटरच्या एका वळशाची दोन टोके आहेत. गळतीच्या ठिकाणी या वळशाचे दोन भाग पडतात. हे दोन भाग म्हणजे व्हीट्स्टन सेतूच्या दोन भुजा धरायच्या. उरलेल्या दोन भुजा आपल्या टेबलावर. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत त्यांचे प्रमाण बदलत जायचे. समजा ३ : ७ ला काटा शून्यावर आला. मग गळती ८० च्या तीनदशांशावर, म्हणजे सोलापूरहून २४ किलोमीटरवर. लाइनमनला थेट तेथेच पाठवायचे!

या रीतीला मरेची वळसा-चाचणी म्हणतात. तिची खुबी अशी की गळती किती मोठी आहे, जमीन ओली की कोरडी, याने उत्तर बदलत नाही. गळतीचा रोध सेतूच्या कोणत्याही भुजेत येत नाही. तो केवळ काट्याची हालचाल कमी-अधिक करतो. सेतूची मूळ कल्पना सॅम्युअल क्रिस्टी याने १८३३ साली मांडली होती आणि १८४३ साली चार्ल्स व्हीट्स्टनने ती लोकांपुढे आणली. बारावीच्या प्रयोगशाळेतला मीटर सेतू तो हाच. बहुतेक शाळांत तो परीक्षेपुरता कपाटातून बाहेर येतो. त्याचे खरे आयुष्य असे तारेवर गेले आहे.

फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज मुंबईहून केबल सोडत एडनच्या दिशेने निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्री तारेने जोडले गेले. या वेळी मागच्या चुका झाल्या नाहीत. केबल समुद्रात जात असतानाच तिची चाचणी सतत चालू ठेवण्याची रीत आता रुळली होती. बिघाड दिसला की लगेच थांबायचे.

ही सततच्या चाचणीची पद्धत बसवणाऱ्यांत विलोबी स्मिथ हा विद्युत अभियंता प्रमुख होता. त्याला चाचणीसाठी खूप मोठा आणि न बदलणारा रोध हवा होता. म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण त्या कांड्यांचा रोध काही स्थिर राहीना. कधी एक मोजमाप येई, कधी दुसरेच. कांड्या खराब म्हणून त्या फेकून देता आल्या असत्या. स्मिथ आणि त्याचा मदतनीस यांनी कारण शोधले. कांड्यांच्या पेटीचे झाकण उघडे असले की रोध कमी होत होता, बंद केले की वाढत होता. प्रकाशाने सेलेनियमचा रोध बदलतो, हे त्यांनी १८७३ साली जाहीर केले. प्रकाशविद्युत घटांच्या इतिहासात हा शोध फार महत्त्वाचा आहे. बिघाड शोधण्याच्या साधनातच बिघाड निघाला आणि त्याचा पाठपुरावा केल्यावर निसर्गाचा एक नवा गुणधर्म हाती आला.

यंत्राने यंत्राची चौकशी करावी

यापुढची मोठी पायरी संगणकांबरोबर आली. दूरध्वनीची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली होती. तिच्यावरून संगणकाचे शून्य आणि एक पाठवायचे, तर त्यांचे सुरांत रूपांतर करणारा आणि पलीकडे सुरांतून पुन्हा आकडे काढणारा दुभाषी हवा. तो मोडेम. अमेरिकेत १९६२ साली बाजारात आलेला एक सुप्रसिद्ध मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवी.

१९६९ साली अमेरिकेत चार ठिकाणचे संगणक 'अर्पानेट' या जाळ्याने जोडले गेले. प्रत्येक ठिकाणी निरोपांची वाटणी करणारे कपाटाएवढे एक यंत्र होते. आजच्या राउटरचा तो पूर्वज. ते बनवणाऱ्या अभियंत्यांपुढे तारमास्तरांचाच जुना प्रश्न उभा होता. जोड तुटला तर दोष कोणाचा? आपल्या यंत्राचा, मोडेमचा, की दूरध्वनी कंपनीच्या तारेचा? तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवणार!

त्यांनी पुन्हा वळसाच वापरला. तार मोडेमपाशी वळवून यंत्राचाच निरोप यंत्राला परत ऐकवायचा. ऐकू आला तर यंत्र आणि जवळचा मोडेम चांगले. मग वळसा पलीकडच्या मोडेमपाशी द्यायचा. आताही ऐकू आला तर मधली तारही चांगली. अशा रीतीने प्रत्येक दुव्याला वेगवेगळे विचारता येई. शिवाय ही यंत्रे ठरावीक काळाने आपली खबर मुख्य कचेरीला देत. खबर आली नाही की समजायचे, काहीतरी बिनसले. हा आपला मागावरचा काटा! याचा परिणाम असा झाला की शेकडो मैलांवरची तार बंद पडल्याचे ही मंडळी दूरध्वनी कंपनीला कळवत, तेव्हा कंपनीच्या लोकांना ते अजून ठाऊकही नसे आणि त्यांना ते खरेही वाटत नसे.

१९८३ च्या डिसेंबरात माइक म्युस या अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या जाळ्यातली अशीच एक खोडी शोधण्यासाठी एका रात्रीत लहानसा प्रोग्राम लिहिला. तो पलीकडच्या यंत्राला एक छोटा निरोप पाठवतो, "हाच मला परत पाठव," आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. पाणबुडीच्या प्रतिध्वनीवरून त्याने त्याला नाव दिले 'पिंग'. आजही जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर तो आहे. एवढेच नव्हे, तर १२७.०.०.१ हा पत्ता खास स्वतःलाच हाक मारण्यासाठी राखून ठेवला आहे. स्वतःला दिलेली हाक स्वतःलाच ऐकू आली नाही, तर बाहेर तपासण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे १९८६ साली 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी या त्याच्या पहिल्या संस्थांपैकी होत. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. मोडेमची ती शिट्टी आणि खरखर अनेक वाचकांच्या कानांत अजून असेल. ती खरखर कामाची होती. दोन मोडेम एकमेकांना ओळखत आहेत की नाही, हे कानाने कळे. पुढे २००५ साली भारत संचार निगमाचे ब्रॉडबँड आले. एकाच तांब्याच्या जोडीवर खालच्या पट्टीत बोलणे आणि वरच्या पट्टीत संगणकाचा निरोप. तेव्हाही पहिली चाचणी कानाचीच होती. दूरध्वनी उचलून ऐकायचे. खरखर आली, विशेषतः पावसात, तर बाहेरच्या सांध्यात पाणी. फोन वाजला की इंटरनेट तुटते असे असेल, तर दोन पट्ट्या वेगळ्या करणारी गाळणी बसवायची राहिली.

एक तार, अनेक संगणक

खोलीतल्या खोलीत संगणक जोडण्याचा इतिहासही मजेदार आहे. १९९० च्या दशकातल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळा आठवा. दूरदर्शन संचाच्या केबलीसारखी एक काळी तार या संगणकाकडून त्या संगणकाकडे फिरत जाई. तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहम रोधाची लहान टोपी लावावी लागे. ती नसेल तर टोकाशी पोहोचलेली लहर परत फिरे. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिला की लहर परतते, तशीच. परतलेली लहर नव्या निरोपांत मिसळून सगळे गढूळ करी. म्हणून एका मुलाचा पाय लागून एक सांधा ढिला झाला की संपूर्ण प्रयोगशाळा बंद! उपाय तारमास्तरांचाच होता. टोपी काढून मधल्या संगणकापाशी लावायची आणि अर्धी प्रयोगशाळा चालते का पाहायचे.

याच परतणाऱ्या लहरीने पुढे चाकरीही केली. काचतंतूची केबल कोठे तुटली हे शोधण्यासाठी आज तीत प्रकाशाची ठिणगी सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळात आला ते मोजतात. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. प्रतिध्वनी एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात आला, तर जाऊन-येऊन वीस किलोमीटर झाले, म्हणजे तूट दहा किलोमीटरवर. विहिरीत हाक मारून खोली अजमावण्यासारखेच हे.

१९९० साली प्रत्येक संगणकाला स्वतंत्र भोक देणारा आणि निरोप नेमक्या त्याच भोकाकडे पाठवणारा स्विच अमेरिकेतल्या एका कंपनीने बाजारात आणला. कंपनीचे नाव होते 'कल्पना'! तिच्या दोन संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे आणि कल्पना हे त्यांच्या पत्नीचे नाव.

स्विचमुळे एक सांधा सुटला तरी एकच संगणक बंद पडू लागला. पण त्याबरोबर एक नवा बिघाडही जन्मला. काही निरोप सर्वांसाठी असतात. असा निरोप आला की स्विच तो आल्या भोकाखेरीज उरलेल्या सगळ्या भोकांतून पुढे धाडतो. आता दोन भोके एकाच केबलीने जोडली गेली तर काय होईल? एका भोकातून गेलेला निरोप दुसऱ्यातून परत येईल, पुन्हा सगळीकडे जाईल, पुन्हा येईल. सेकंदात लाखो प्रती! खऱ्या निरोपाला वाटच मिळणार नाही. इतका वेळ आपल्याला मदत करणारा वळसा येथे वैरी ठरतो. १९८५ साली रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी यावर उपाय काढला. जोडांच्या जाळ्यातून यंत्रांनी आपापसांत ठरवून, ज्यात एकही वळसा नाही असे एक 'झाड' निवडायचे आणि बाकीचे जोड तात्पुरते बंद ठेवायचे. मोठ्या स्विचमध्ये हा शहाणपणा असतो. घरासाठी आणि शाळेसाठी मिळणाऱ्या स्वस्त स्विचमध्ये बहुधा नसतो.

पुन्हा शाळेत

आता आम्ही त्या शाळेत काय केले ते सांगतो. वाचकांनी एव्हाना ओळखलेही असेल.

आम्ही नववीच्या चार मुलींना बोलावून घेतले. मुख्याध्यापक थोडे नाखूश होते, पण त्यांनी नाही म्हटले नाही. फळ्यावर आधी रस्ता काढला : बाहेरची तार, मोडेम, राउटर, स्विच, संगणक. मग ठरवले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे.

पहिल्यांदा मोडेमनंतरचे सगळे काढून एकच संगणक थेट मोडेमला जोडला. पान उघडले. म्हणजे कंपनी खरे बोलत होती. मग राउटर जोडून त्याला तोच संगणक लावला. पान उघडले. मग स्विच जोडला, आणि सगळे थांबले. बिघाड तिसऱ्या पेटीत किंवा तिच्या केबलींत. स्विचमधून सगळ्या केबली काढल्या. दिवे शांत झाले. एकेक केबल पुन्हा लावत गेलो. प्रत्येक केबलीनंतर एक मुलगी संगणकावरून राउटरला 'पिंग' करून पाही. दहाच्या दहा संगणक लागले, सगळे ठीक चालले. आणि हातात एक केबल उरली. तिची दोन्ही टोके पेटीपाशीच होती.

दारात उभे असलेले शाळेचे शिपाईमामा पुढे आले. "शनिवारी झाडताना ही वायर एका बाजूनं लोंबत होती. कुणाच्या पायात येईल म्हणून मीच खोचली वरच्या भोकात." ती जादाची केबल होती. तिचे एक टोक आधीपासून स्विचमध्ये होते. मामांनी दुसरेही नीट बसवले. वळसा पुरा झाला.

मामांची चूक म्हणावी असे यात काहीच नव्हते. मुलींची तर नव्हतीच. आठ दिवस ज्यांना कक्षात पाऊल टाकू दिले नव्हते, त्यांनीच तासाभरात बिघाड शोधला. मुख्याध्यापकांनी तो कागद मागून घेतला आणि फळ्यावरचा रस्ता तसाच ठेवायला सांगितले.

आम्हांला हा प्रसंग लिहावासा वाटला तो यासाठी. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. २०२० साली, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना, त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण तो कोड म्हणजे एक पत्ता आहे. पत्त्यापर्यंत पोहोचायला वाटेतला प्रत्येक दुवा शाबूत हवा. तो तुटला की आपण बहुधा दोनच गोष्टी करतो. माणूस यायची वाट पाहतो किंवा मुलांना रागावतो आणि कुलूप लावतो. शेवटच्या कुलपाने मुले एक गोष्ट नक्की शिकतात : यंत्राला हात लावायचा नाही. बिघाड कोठे आहे हे मोजून कळते, हे शिकण्याची संधी त्याच कुलपाआड राहते.

वर्गात करून पाहण्यासाठी

मीटर सेतूची तार तशीच राहू द्या. दोन मीटर लांबीची, एकसारख्या जाडीची नायक्रोमची तार घ्या. तिची दोन टोके सेतूच्या तारेच्या दोन टोकांना जोडा. याच दोन टोकांना एक विद्युत घट जोडा, आणि प्रवाह फार होऊ नये म्हणून त्याच्याबरोबर एक लहान रोधक व कळ ठेवा. दोन मीटरची तार पुठ्ठ्याखाली झाकून एका विद्यार्थ्याला तिच्यावर कोठेही एक चिमटा लावायला सांगा. हा आपला बिघाड. त्याची जागा इतरांना दिसता कामा नये. तार कोठेही स्वतःलाच टेकत नाही याची खात्री करा. चिमट्यापासून गॅल्व्हॅनोमीटरमधून एक तार सेतूच्या सरक्या टोकाकडे आणा. काटा शून्यावर येईल ती जागा शोधा. मापन ३० सेंटिमीटर आले तर बिघाड त्याच टोकापासून ६० सेंटिमीटरवर. पुठ्ठा उचलून खात्री करा.

नंतर चिमटा आणि गॅल्व्हॅनोमीटर यांच्यामध्ये १०० ओहमचा रोधक घालून तोच प्रयोग पुन्हा करा. काटा आता कमी हलेल. शून्याची जागा बदलते का? अंदाज आधी वहीत लिहायला सांगा, मग मोजू द्या. कळ मोजतानाच दाबावी, म्हणजे तार तापणार नाही.

आणि शाळेत पुढच्या वेळी इंटरनेट बंद पडेल तेव्हा आधी फळ्यावर रस्ता काढा. खडू मुलांच्या हातात द्या.